दांडीवरचा पोचा

झेंडूचे ढीग रस्त्याच्या कडेला दिसायला लागले की माझे हात शिवशिवतात. शेजारणींना वाटतं, नवरात्र आलं, बाईंना घर धुवायची घाई झाली. कसलं घर अन् कसलं काय. मला त्या दिवसांत काहीतरी ठोकावंसं वाटतं. घाम निघेपर्यंत, समोरचं वाकेपर्यंत ठोकावंसं वाटतं. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, कारण मी शाळेत शिकवते आणि शिकवणाऱ्या बाईनं शांत दिसावं अशी लोकांची अपेक्षा असते. यंदा मात्र माझी सोय झालीय. यंदा माझ्याकडे सायकल आहे.

ती हलकी, गिअरवाली, हेल्मेट घालून चालवायची सायकल मनात आणू नका. ही काळी, लोखंडी, आडव्या दांडीची बाप्यांची सायकल आहे. पन्नाशी ओलांडलेली बाई पंजाबी ड्रेस घालून तिच्यावर टांग टाकते म्हटल्यावर नांदेडात लोक बघणारच. बघोत बापडे. कॉलनीतून निघायचं, गोदावरीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच माझा रस्ता. या दिवसांत मोंढ्याकडे सोयाबीनची ट्रॅक्टरं लागलेली असतात. त्यांचं भुस्कट डोळ्यांत जातं, ऊन सकाळपासूनच चावायला लागतं, आणि पाठीमागून हॉर्नचा मारा चालू असतो. मागच्या आठवड्यात एका मोटारसायकलवाल्यानं इतकी घासून गाडी काढली की माझं कोपर त्याच्या आरशावर आदळलं. पुढच्या सिग्नलला गाठला त्याला. सायकल त्याच्या चाकापुढं आडवी घातली आणि म्हटलं, "उतर खाली." चांगला मिशीवाला बाप्या, पण त्याचा चेहरा खर्रकन उतरला. चुकलं बाई, म्हणाला, आणि गाडी मागं घेऊन दुसऱ्याच गल्लीनं निघून गेला. घरी येईपर्यंत माझ्या उजव्या हाताची मूठ हँडलवर आवळलेली होती. मी घाबरले बिबरले नव्हते. त्या हाताला काय करायचं होतं ते मला ठाऊक आहे, आणि तो हात मला कुणाकडून मिळालाय तेही.

सायकल माझ्या वडिलांची आहे. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो.

उन्हाळ्यात धाकट्या भावाचा लातूरहून फोन आला. घराचं नवं बांधकाम काढलं होतं. न्हाणीमागच्या शेडात अप्पांची सायकल पडलीय, भंगारवाल्याला देऊन टाकू का, असं विचारत होता. मी म्हटलं, देऊन टाक. फोन ठेवला, भाजी चिरायला घेतली, अर्धी चिरून झाली आणि परत फोन लावला. देऊ नको, मी येते. कामून, म्हणाला तो. मी लातूर गाठलं. टेम्पोत घालून आणली. लातूर ते नांदेड मी ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला ती मागं खडखडत होती. हिचा आवाज आला की मी अजून अंग चोरते हे मला त्या दिवशी कळलं.

माय माझ्याजवळच राहते, अप्पा गेल्यापासून. टेम्पो दारात थांबला तेव्हा ती ओसरीत बसली होती. सायकल खाली उतरताना पाहिली आणि उठून आत गेली. त्या दिवसापासून तिनं सायकलीकडं बघितलं नाही. अंगणात सायकल ज्या बाजूला उभी असते ती बाजू सोडून, वळसा घालून तुळशीला पाणी घालायला जाते. गुडघे दुखतात तरी वळसा घालते. मी एकदा स्पष्ट विचारलं, नको असंल तर सांग, आजच्या आज भंगारात टाकते. "तुजी हाय. तू बग," एवढंच म्हणाली. आता याला काय म्हणायचं? तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा. या बाईनं सगळं भोगून कसंबसं मागं टाकलं, आणि आपण तिचा मार उचलून पुन्हा तिच्या अंगणात आणून उभा केला की काय.

तरी मी सायकल दुरुस्त करतच राहिले. थांबवेना मला. सुट्टीत पोतं अंथरून तिला उलटी केली आणि एकेक भाग सोडवला. शेडात तिच्यावर किती पावसाळे गळाले होते देव जाणे, नट नावाची वस्तू उरलीच नव्हती, सगळा गंजाचा एक गोळा. पॅडलचा दांडा धरून ठेवणारी कॉटर पिन निघता निघेना. तिला डिझेल पाजलं, रात्रभर भिजत ठेवलं, मग हातोडा घेतला. मी त्या पिनेला जे जे बोलले ते वर्गात बोलले असते तर माझी नोकरी गेली असती. शेवटी ती निघाली तेव्हा मी घामानं निथळत होते आणि बोटांची सालटं निघाली होती. पण काय बरं वाटलं म्हणून सांगू! नवे स्पोक, नवं मडगार्ड, नवा दिवा, नवे छर्रे, नवं ग्रीस, नवी चेन, ब्रेकची नवी रबरं, सगळं मी माझ्या हातानं बसवलं. आपली सायकल आपण खोलून आपण जोडली की ती आपल्याला घाबरत नाही आणि आपण तिला. फक्त चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला दुकानात नेली. तिथला मिस्त्री दांडीवरून हात फिरवत म्हणाला, बाई, हा पोचा लई मोठा हाय, खड्ड्यात लांबी भरून रंग मारून देतो, कळायचं पण न्हाई. मी म्हटलं, त्याला हात लावायचा नाही. जरा मोठ्यानंच बोलले असेन. तो मागं सरकला.

लातूरला आमच्या घरी रविवारची सकाळ सायकलीची असायची. अप्पा सरकारी कचेरीत कारकून होते. अंगणात असंच पोतं, उलटी केलेली सायकल, रॉकेलची वाटी, फाटक्या बनियनचे बोळे, आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेले पान्हे. एकेक छर्रा तळहातावर घेऊन ते उन्हात बघायचे. स्पोकवरून बोट फिरवायचे ते इतकं हळू, की आम्हा पोरांना कधी डोक्यावरून तसा हात फिरल्याचं आठवत नाही. त्या माणसाच्या हातात माया होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती नसतीच तर एक वेळ माफ केलं असतं.

त्याच सायकलीची एक जुनी ट्यूब कापून त्यांनी दाराआडच्या खिळ्याला टांगली होती. कमरेइतकी लांब पट्टी, आणि तिच्या टोकाला पितळी व्हॉल्व्ह तसाच राहिलेला. ट्यूबचा मार ज्यानं खाल्लाय त्यालाच कळतो. काठी मोडते तरी. ट्यूब मोडत नाही, अंगाला वेटोळं घालते आणि सुटताना कातडं ओढत नेते. कारणं काहीही चालायची. भाजीत मीठ जास्त झालं. दार उघडायला उशीर झाला. माय उलटून बोलली, किंवा माय का बोलली नाही. ते घरात आले की आधी सायकल स्टँडला लावल्याचा आवाज यायचा. स्टँड हळू लागला तर आज ठीक आहे, खाडकन लागला तर मी भावाला कोपऱ्यात ढकलून त्याच्यापुढं उभी राहायची. मग खिळ्यावरून रबर निघायचं. मायच्या पाठीवर, दंडावर, पोटरीवर सटासट बसायचं. मलाही बसलेलं आहे. माय ओरडायची नाही, दातात पदर धरायची. ओरडायची मी. आमची भिंत रजियाखालाच्या भिंतीला लागून, पलीकडं आणखी घरं, समोर घरं. पहिला सपकारा बसला की गल्लीतली दारं लागायची. कुणीतरी रेडिओ मोठा करायचं.

नंतर माय पळीत तेल गरम करायची आणि त्यात हळद टाकायची. मुक्या माराला हळद-तेल. रक्त निघालं तर लोक विचारतात, मुका मार कुणाला दिसत नाही, आत काळानिळा होऊन बसतो. ती माझ्या पाठीला बोटानं हलकं हलकं दाबून लावायची. मग पाठ फिरवून बसायची आणि मी तिला लावायची.

आणि या सगळ्यात नवरात्र यायचं. माहूरची रेणुका आमची कुलदेवी, म्हणून अप्पांचा कडक नेम होता. नऊ दिवस पायांत चप्पल नाही, गादी नाही, एक वेळ फराळ, आणि बाईमाणसावर हात उचलायचा नाही. बाईत देवी असते, म्हणायचे. नऊ दिवस असायची. गल्लीत आराधी बायका परडी घेऊन यायच्या, संबळ वाजायचं, घटातलं धान बोटबोट वर यायचं, आणि आमच्या घरात इतकी शांतता असायची की मला श्वास घ्यायची भीती वाटायची. कारण या नऊ दिवसांतलं काही माफ नसायचं, नुसतं साचायचं. दसऱ्याला लोकांना सोनं देऊन, सगळ्यांच्या गळ्यात गळे घालून अप्पा घरी आले की सगळं एकदम निघायचं. मार चालू असतो तेव्हा निदान तो चालू असतो. थांबलेला मार फार वाईट. मैत्रिणी नवरात्र म्हटलं की नव्या ड्रेसबद्दल बोलायच्या आणि मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची.

मी नववीत असतानाचं ते नवरात्र. घट बसायच्या आदल्या दिवशी ट्यूबचं व्हॉल्व्हवालं टोक मायच्या उजव्या कानावर बसलं. कानातून रक्त आलं, आणि मग त्या कानानं ऐकूच येईना. आजही येत नाही. दुसऱ्या दिवशी अप्पांनी अनवाणी जाऊन घटाची माती आणली. माय डोक्याला फडकं बांधून घट बसवत होती आणि मी मनातल्या मनात देवीला विचारत होते, तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस.

ते नऊ दिवस माय काही वेगळीच होती. गप्प तर ती नेहमीच असायची, पण या वेळी ती काहीतरी ठरवून गप्प होती.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा. कोयता, विळा, अडकित्ता, कुऱ्हाड, अप्पांचे पान्हे, हातोडा, पेचकस, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं आणि त्या दिवशी त्यातलं काही वापरायचं नाही. विळीसुद्धा पाटावर, म्हणून माय त्या दिवशी भाजी हातानं मोडायची. अंगणात सायकल. अप्पांच्या सायकलीची पूजा गल्लीत प्रसिद्ध होती. चाकं चकचकीत, हँडलला झेंडूचा जाड हार, दिव्यावर कुंकवाची बोटं. कचेरीतले साहेब आणि दोघे-तिघे दरवर्षी प्रसादाला यायचे, सायकलीचं कौतुक करायचे. त्याही दिवशी अप्पा साहेबांना आणायला गेले, आणि मायनं पाट मांडला. मी शेजारीच होते. सगळी हत्यारं मांडून झाल्यावर ती उठली, दाराआडच्या खिळ्यावरून ट्यूब काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि पाटाच्या मधोमध ठेवली. हळद लावली, कुंकू लावलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं. मी तिच्या हाताला धरलं. तिनं माझा हात बाजूला केला.

पाहुणे आले, टेकले. साहेबांची नजर पाटावर गेली. ते हसून म्हणाले, वैनी, ट्यूबची पण पूजा?

"हत्यारच हाय साहेब," माय म्हणाली. "या घरात सगळ्यात जास्त वापरातलं हेच हाय. त्याला कसं वगळावं?"

डोक्याचं फडकं तिनं मुद्दाम सोडून ठेवलं होतं. कान काळा पडलेला सगळ्यांना दिसत होता. साहेबांनी हातातला प्रसाद परत ताटलीत ठेवला, चपला घातल्या आणि गेले. त्यांच्यामागं बाकीचे गेले. अप्पा भिंतीला टेकून उभे होते. नेम होता. तो अख्खा दिवस ते पाणी प्यायले नाहीत, मायकडं बघितलं नाही. मी भावाला उद्या शेजारी पाठवायचं ठरवलं. उद्या माय जिवंत राहते की नाही, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

दसरा उजाडला. घट उठले. अप्पा पाटाशी आले. माय चुलीपाशी बसली होती, ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. पळाली नाही, की हात आडवा धरला नाही. अप्पा ट्यूबकडं वाकले. हळद, कुंकू, वर कालचं फूल. माहूरच्या देवीला घाबरणारा माणूस तो, पूजेतली वस्तू बाईवर कशी उचलणार? बोटं तिथपर्यंत गेली आणि थांबली. त्यांच्या गळ्यातून असा आवाज निघाला, जनावर घुसमटल्यावर येतो तसा. मग त्यांनी पाटावरचा हातोडा उचलला. मी किंचाळले. ते मायला ढकलून अंगणात गेले आणि पहिला घाव सायकलीच्या दिव्यावर घातला.

काच फुटली. मग मडगार्ड. मग चाकं, स्पोक ताडताड तुटत होते. हाराच्या पाकळ्या उडत होत्या. सायकल आडवी पडली तरी ते थांबेनात, गुडघा तिच्यावर रोवून दांडीवर घाव घालत होते, रडत होते, शिव्या देत होते. मायवर चालायचा तोच हात, तोच वेग. फरक एवढाच की लोखंड ओरडतं. आणि बघता बघता गल्लीतली दारं उघडली. समोरचे धावले, शेजारचे धावले, बायका ओट्यावर आल्या. दोघांनी अप्पांचे दंड धरले, एकानं हातोडा हिसकावला. कुणीतरी कळवळून म्हणालं, "अहो, काय करून राहिलाव? सायकलीनं काय केलं तुमचं?"

माय उंबऱ्यात आली होती. मोठ्यानं बोलायची तिला सवय नव्हती, पण ते वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"आलाव का समदे? लई बरं झालं. मला वाटायचं, आमच्या घरातला आवाज तुमच्यापोत्तर येतच न्हाई."

कुणी वर बघेना. हातोडा धरलेल्या माणसानं तो खाली ठेवला, जणू त्यानंच काही केलं होतं. गर्दीतून रजियाखाला पुढं आली, मायजवळ जाऊन उभी राहिली, तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. त्या दिवसानंतर आमच्या घरात अप्पांचा आवाज चढला की भिंतीवर पलीकडून मुसळ वाजायचं. धाड, धाड, धाड. मग समोरचं दार उघडायचं. बंद दारांमागं बसून न ऐकल्यासारखं करणं आता त्या गल्लीला जमेना.

अप्पा सुधारले असं मी लिहिणार नाही. त्यांचा हात थांबला, जीभ मरेपर्यंत थांबली नाही. ट्यूब मायनं घटाच्या निर्माल्याबरोबर गावाबाहेरच्या विहिरीत टाकली. मोडकी सायकल न्हाणीमागच्या शेडात गेली आणि अप्पा नोकरी संपेपर्यंत कचेरीत पायी गेले. कुणी विचारलं तर सायकल चोरीला गेली म्हणायचे.

परवा खंडेनवमी झाली. मी सकाळी सायकल धुतली, हार घातला, माझे पान्हे, हातोडा, पंप, पंक्चर काढायची पेटी, सगळं ओसरीत पाटावर मांडलं. मांडताना कान सारखा आतल्या खोलीकडं होता. मनात ठरवलं होतं, आज जर माय बाहेरच आली नाही, तर उद्या दसऱ्याला ही सायकल भंगारात. मग मला कितीही लागो.

आतून फोडणीसारखा वास आला. थोड्या वेळानं माय आली. हातात पळी होती. ती तुळशीकडं वळली नाही. कधी न आलेल्या बाजूनं, भिंतीला धरत धरत सरळ सायकलीपाशी आली. हाताच्या बोटांनी दांडी चाचपत गेली आणि पोच्यावर थांबली. मग पळीत बोट बुडवलं. गरम तेल, त्यात हळद. पोच्यावर बोटानं हलकं हलकं दाबून लावायला लागली, चारी कडांनी, जिथं लोखंड आत गेलंय तिथं जास्त.

मी तिच्या डाव्या कानाशी वाकले. काय करून राहिलीस माय, असं विचारलं.

"त्या दिवशी समदे हिच्यासाठी धावले," ती म्हणाली. "पण हळद कुणीच लावली न्हाई गं हिला. माझ्या वाट्याचा मार खाल्ला हिनं."

लावून झाल्यावर पळीत थोडं तेल उरलं. तिनं माझ्याकडं बघितलं, आदल्याच दिवशी ब्रेक आवळताना पान्हा निसटून सोललेल्या माझ्या बोटांकडं बघितलं. हात आण इकडं, म्हणाली. मी उजवा हात पुढं केला, तोच. ती एकेका पेराला तेल लावत होती आणि मला कितीतरी वर्षांत पहिल्यांदा या दिवसांत काहीच ठोकावंसं वाटलं नाही. मी अंगणात सायकलीला धरून उभी राहिले आणि मोठ्यानं रडले. शेजारच्या घराचं दार उघडलं, शेजारीण काय झालं म्हणून विचारत धावत आली.